मुक्काम पोस्ट आंतरराष्ट्रीय

मी आंतरराष्ट्रीय विद्यापीठाचा पदवीधर आहे, हे मी आपण होऊन कुणाला सांगत नाही. तशी गरजच पडत नाही. मंडणगडच्या बाजारपेठेत एका टोकाला कुणी शिंकलं, तर दुसऱ्या टोकाला त्याच्यासाठी आल्याचा चहा टाकतात. तिथं माझ्या एम.बी.ए.ची बातमी लपून राहणं शक्यच नव्हतं. फक्त ती ज्याच्या त्याच्या सोयीनं पोचली. एस.टी. स्टँडाजवळच्या चहावाल्याच्या मते मी परदेशात जाऊन शिकून आलो. (लॉकडाऊनमध्ये! तेव्हा मला खेडलासुद्धा जाता येत नव्हतं.) आळीतल्या काकूंच्या मते बँकेनं मला कमी केलं आणि म्हणून मी पुन्हा शाळेत जायला लागलो. आणि आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ह्याला रात्री झोप लागत नाही, म्हणून मागीलदारी बसून मोबाइलवर गोऱ्या माणसांची भाषणं ऐकतो." तिन्हींत तात्यांची हकिकत सत्याला सर्वांत जवळची होती.

माझी मूळ पदवी बी.कॉम. ही अशी पदवी आहे की, ती असलेल्या माणसाला लग्नकार्यात हमखास आहेराची वही लिहायला बसवतात. अशा कितीतरी वह्या लिहून झाल्यावर मी बँकेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षं तिथंच आहे. आता आम्हांला कारकून म्हणत नाहीत. 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणतात. खिडकी एक, रांगा तीन आणि तिन्ही रांगांना उत्तर एकच: "सर्व्हर डाउन आहे." हे वाक्य माझ्या जिभेवर इतकं बसलंय की, एकदा बायकोनं "अहो, गॅसचा नंबर का नाही लावलात?" असं विचारल्यावर तेच तोंडून गेलं. आणि गंमत म्हणजे तिनं ते मान्य केलं. ह्या वाक्यापुढं कुणाचंच काही चालत नाही.

वीस-बावीस वर्षं कारकूनच का, असं तुम्ही विचाराल. माझे मेहुणे दर गणपतीत विचारतात. त्याचं असं आहे की, बँकेत बढती आणि बदली ह्या जुळ्या बहिणी. एकीला मागणी घातली की दुसरी सामानासकट दारात उभी. अधिकारी झालात की बँक तुमच्यापुढं भारताचा नकाशा पसरते आणि नेमकं तुम्हांला ज्या गावाचं नाव उच्चारता येत नाही तिथं बोट ठेवते. इकडं तात्या ऐंशीला टेकलेले, परसात त्यांची हापूसची कलमं, आणि "मी गेल्यावर काय ती विका" हे त्यांचं दर मे महिन्यातलं वाक्य. तेव्हा बढतीचा फॉर्म दर वेळी मी आणायचो आणि त्याच्या पाठीमागं वाण्याची यादी लिहायचो.

अशात २०२०चा एप्रिल आला. सगळं जग घरात बसलं. बँक तेवढी उघडी. संध्याकाळी मोबाइल उघडला की त्यात जाहिरात: व्यवस्थापनशास्त्रातली आंतरराष्ट्रीय पदवी, घरबसल्या, अठरा महिन्यांत, सुलभ हप्त्यांनी. 'सुलभ हप्ता' ह्या शब्दांतली मेख बँकेतल्या माणसाला तरी कळायला हवी होती. पण पट्टीचे पोहणारेच बुडतात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. ते ज्या देशात होतं त्या देशातही ते फारसं कुणाला माहीत नसावं, असा मला पुढं संशय आला.

आमच्या घरात मोबाइलला रेंज मिळते ती फक्त मागीलदारी, चुलवणाशेजारच्या फरशीवर. माझं आंतरराष्ट्रीय शिक्षण झालं ते तिथं. एका बाजूला पाण्याचा हंडा, दुसऱ्या बाजूला सोलून ठेवलेले नारळ आणि समोर पडद्यावर टाय लावलेले प्राध्यापक. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फ्रेडरिक टेलर ह्यांची ओळख करून दिली. अमेरिकेतल्या पोलादाच्या कारखान्यात लोखंडाच्या लाद्या उचलणारा एक गडी दिवसाला साडेबारा टन माल चढवायचा. टेलरसाहेबांनी त्याची उठबस घड्याळ लावून ठरवून दिली आणि साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. १९११ साली त्यांनी ह्याचं पुस्तक केलं आणि व्यवस्थापन हे शास्त्र झालं. मी उत्साहानं दुसऱ्या दिवशी बायकोच्या भाकऱ्यांना घड्याळ लावलं. तिसऱ्या भाकरीला तिनं परात माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, "मी वेळ बघते, तुम्ही थापा." शास्त्राचा आमच्या घरातला प्रवेश तिथंच थांबला.

मग मॅस्लो आले. माणसाच्या गरजा पायरीपायरीनं चढत जातात. आधी अन्नपाणी, मग निवारा-सुरक्षितता, मग माया, मग मान, आणि सर्वांत वर आत्मसिद्धी. १९४३ साली मांडलेला हा सिद्धान्त मी तात्यांना अर्धा तास समजावून सांगितला, पाटीवर त्रिकोण काढून. तात्यांनी तो त्रिकोण नीट पाहिला. म्हणाले, "आधी पोटोबा, मग विठोबा. ह्याचे किती हप्ते आहेत म्हणालास?"

एका परीक्षणाला विषय होता: आपल्या परिसरातल्या एखाद्या कुशल व्यवस्थापकाविषयी लिहा. माझी छाती फुगली. आमच्या तालुक्यात माणसं कमी आणि चढ जास्त. पण हिशेबाची परंपरा दांडगी. नाना फडणवीस मूळचे वेळासचे, म्हणजे आमच्याच तालुक्यातले. (हल्ली लोक वेळासला जातात ते कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला, नानांचं गाव म्हणून जाणारा एखादाच.) पानिपताहून जीव वाचवून आलेला हा माणूस पुढं १८०० सालापर्यंत पुण्याची फडणिशी धरून बसला, आणि त्याच्या हाताखालून न गेलेला कागद दरबारात हलत नव्हता. मी बारा पानं लिहिली. प्राध्यापकांचा शेरा आला: "उत्तम. परंतु मि. फडणवीस ह्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती काय?"

अभ्यासक्रमात मला मनापासून पटलेला प्रयोग एकच, हॉथॉर्नचा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४पासून काही वर्षं पाहत होते की, उजेड वाढवला तर काम वाढतं का. वाढवला, काम वाढलं. कमी केला, तरी वाढलं. शेवटी तज्ज्ञांनी असं काढलं की, आपल्याकडं कुणीतरी लक्ष देतंय एवढ्यानंच माणसं नेटानं काम करतात. हा धडा मी १ जूनला वाचला. पुढचा प्रयोग निसर्गानं स्वतः केला, आणि त्यात उजेड कमी करण्याऐवजी पार काढूनच घेतला.

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ दुपारी श्रीवर्धनच्या बाजूनं जमिनीवर चढलं. श्रीवर्धन म्हणजे बाणकोटच्या खाडीपलीकडचं, आमच्या दारातलंच. दोन-तीन तासांत पोफळी झोपल्या, पत्रे उडाले, विजेचे खांब काडीसारखे वाकले. तात्यांची अकरा कलमं मुळापासून गेली. तात्या काही बोलले नाहीत. संध्याकाळी वारा पडल्यावर एकेका झाडापाशी जाऊन उभे राहिले आणि आत येऊन म्हणाले, "चहा असला तर दे."

बँकेच्या छतावरची तबकडी बाणकोटकडं तोंड करून पडली होती. वीज नाही, फोन नाही, सर्व्हर तर नाहीच. आयुष्यात पहिल्यांदा 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य मला म्हणवेना. समोर माणसं उभी, हातात भिजलेली पासबुकं. कुणाला ताडपत्री घ्यायची, कुणाला कौलं. मॅनेजरसाहेबांनी कुठल्याशा टेकडीवर जाऊन, फोन लावून, थोडी थोडी रक्कम हातानं लिहिलेल्या व्हाउचरवर द्यायची परवानगी मिळवली. पण सह्या जुळवायच्या कशाशी? फोटो सगळे कॉम्प्युटरात. तेव्हा पुढं झाले आमचे दफ्तरी. तीस वर्षं ह्याच शाखेत. ते दारात स्टूल टाकून बसले आणि माणूस आला की आत ओरडायचे, "हा वरच्या वाडीचा, खरा हाय. ही त्याची आवस, अंगठा लावते." रांगही त्यांनीच लावली, आणि ती आल्या क्रमानं नव्हे. शेवटून आलेल्या एका म्हातारीला त्यांनी पहिली उभी केली आणि एकाही माणसानं 'आमचा नंबर' म्हटलं नाही. चार दिवस हे चाललं. नंतर सर्व्हर आल्यावर ताळा घेतला. एका रुपयाचा फरक नव्हता.

माझ्या 'ऑपरेशन्स मॅनेजमेंट'च्या परीक्षणाची मुदत ५ जून होती. मी ते जूनअखेरीस, मागीलदारी रेंज परत आली त्या दिवशी पाठवलं, आणि त्यात ही सगळी हकिकत लिहिली. उत्तर आलं: उशिराबद्दल दहा टक्के गुण वजा, वेळेच्या नियोजनावरचा आमचा विनामूल्य वर्ग अवश्य पाहा, आणि रांग लावण्याचा निकष कोणत्या प्रतिमानावर आधारलेला होता त्याचा संदर्भ द्या.

मी दफ्तरींना विचारलं, "तो रांगेचा निकष तुम्ही कुठून आणलात?"

"निकष म्हंजे?"

"म्हणजे कुणाला आधी सोडायचं, ते कसं ठरवलंत?"

"ज्याचा छप्पर गेला तो पयला," दफ्तरी म्हणाले. "ह्यात ठरवायचा काय?"

मी कंसात संदर्भ दिला: (दफ्तरी, २०२०). तो मान्य झाला आणि वजा झालेले गुण परत मिळाले. दफ्तरींना मी चहा पाजला. परदेशातल्या विद्यापीठात आपलं नाव लागलंय म्हटल्यावर ते क्षणभर घाबरलेच. त्यांना वाटलं, चौकशी लागली.

२०२१च्या दिवाळीच्या सुमाराला पदवी मिळाली. ती ई-मेलनं आली. पदवीदान समारंभ पडद्यावरच होता आणि गाऊन घालून बसा अशी सूचना होती. बायकोनं शेजारच्या वकिलांचा काळा कोट आणि गाऊन आणला. टोपी मुलाच्या स्नेहसंमेलनातली होती. माझं नाव पुकारलं त्याच क्षणी वीज गेली. माझ्या घरच्यांनी अंधारात टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेब गाऊन न्यायला आले होते, तेही वाजवत राहिले.

मग बँकेत पदवीची नोंद करायला गेलो. वरच्या कार्यालयातून विचारणा झाली: पदवी परदेशी आहे, तर समकक्षतेचा दाखला आणा. तो दाखला माझ्या विद्यापीठाला मिळण्यासारखा नव्हता. म्हणजे कागदोपत्री मी अजून बी.कॉम.च. हप्ते तेवढे आंतरराष्ट्रीय. तरी त्या वर्षी मी बढतीच्या फॉर्मवर वाण्याची यादी लिहिली नाही, फॉर्मच भरला. लेखी परीक्षा पास झालो. मुलाखतीत तीन साहेब होते. मी टेलर, फेयॉल, मॅस्लो सगळे जिभेच्या टोकावर ठेवून गेलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "कुठंही बदली चालेल ना?" मला परसातले अकरा खड्डे दिसले. तात्यांनी त्यांत नवी कलमं लावली होती, ऐंशीव्या वर्षी. हापूसच्या कलमाला धड फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. मी म्हटलं, "विचार करून सांगतो." मुलाखतीत हे उत्तर चालत नाही, हे माझ्या अभ्यासक्रमात होतं.

माझ्या पदवीचा पहिला उपयोग झाला तो २०२२च्या फेब्रुवारीत. दिवस नक्की आठवतात, कारण १२ तारखेला राष्ट्रपती रामनाथ कोविंद आंबडव्याला येऊन गेले आणि पुढं आठवडाभर बँकेत दुसरा विषय नव्हता. आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. त्याच आठवड्यात एक एस.टी. कंडक्टर आपल्या मुलीला घेऊन खिडकीशी आले. मुलगी बी.एम.एस. झालेली. इंग्लंडातल्या एका विद्यापीठात मॅनेजमेंटच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेला, खरोखरच्या, इमारती असलेल्या. शैक्षणिक कर्ज हवं होतं अठरा लाख.

"पगाराच्या स्लिपा?" मी विचारलं.

"संप चालू हाय ना, साहेब. नोव्हेंबरपासून पगार नाय."

"तारण?"

त्यांनी सातबारा पुढं केला. कोकणातला सातबारा वाचायचा म्हणजे कुळाचा इतिहास वाचायचा. सत्तावीस नावं, त्यांतली नऊ वारलेली, चार मुंबईला, दोन एकमेकांशी बोलत नाहीत आणि एका बाईचं नाव कुणालाच ओळखू येईना. ह्या जमिनीवर बँक अठरा लाख देणं कालत्रयी शक्य नव्हतं. साडेसात लाखांच्या वर कर्ज गेलं की तारण लागतंच. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "भाऊ, पुण्या-मुंबईतही चांगली कॉलेजं आहेत. एवढा बोजा घेऊन परदेशी कशाला?"

कंडक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, दुसऱ्या कुठल्या तालुक्यात हा इचारलात तर चालंल. ह्या तालुक्यात नाय चालायचा."

मी खिडकीच्या आत गप्प बसलो. वाचलेलं तर मलाही होतं. बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम त्यांनी तिथं घेतले. मी अठरा महिन्यांत बारा विषय काढताना चुलवणाशेजारी पेंगत होतो. कोलंबियात व्यवस्थापनाचं कॉलेज निघालं ते १९१६ साली, म्हणजे बाबासाहेब तिथून लंडनला गेले त्याच वर्षी. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, आणि मागून येणारी त्यांची पुस्तकं जहाजासकट समुद्राच्या तळाशी गेली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, आम्हां कॉमर्सवाल्यांच्या त्या काशीत, त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना ह्यांच्याकडून उसने पैसे घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. मी ज्याच्या नोटा रोज मोजतो त्या रुपयाचा. तर उसने पैसे घेऊन परदेशी शिकायला जाऊ नये, हे आंबडव्याच्या तालुक्यात बसून मी कुणाला आणि कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

सातबारा बाजूला ठेवला आणि कंडक्टरांना विचारलं, "भाऊ, मुंबईला कोण आहे?" कोकणातल्या माणसाला हा प्रश्न कधी वाया जात नाही. मुलीचे धाकटे काका निघाले. नालासोपाऱ्याला त्यांची स्वतःची खोली होती, कागदपत्रं स्वच्छ. त्यांनी ती पुतणीसाठी तारण दिली. एप्रिलमध्ये संप मिटला, स्लिपा आल्या, वरून शंका आल्या, त्यांना मी उत्तरं दिली. एवढ्या तन्मयतेनं मी विद्यापीठाची एकही प्रश्नावली सोडवली नव्हती.

जाण्याआधी मुलगी भेटायला आली. "काका, तुम्ही शिकलाय म्हणे हेच. तिथं नक्की काय शिकवतात?"

उभ्या मंडणगडात हा प्रश्न विचारायला मी एकटाच होतो. छाती फुगवावी की खरं सांगावं, असा क्षणभर पेच पडला. शेवटी दोन्ही केलं. टेलर सांगितले, हॉथॉर्न सांगितलं, संदर्भ कंसात कसे द्यायचे ते दाखवलं. आणि म्हटलं, रांग कशी लावायची असं कुणी विचारलं तर दफ्तरींना विचारून जा. ती खरोखरच विचारून गेली.

तिकडून तिचा फोन यायचा तो कर्जाच्या पुढच्या हप्त्याच्या निमित्तानं, पण बोलायची वर्गाबद्दलच. एकदा वर्गात मुंबईच्या डबेवाल्यांचा पाठ होता. हार्वर्डवाल्यांनी २०१० साली लिहिलेला. वर्गात सगळ्या देशांची मुलं. डब्यावर रंगानं काढलेल्या खुणांची महती प्राध्यापक सांगत होते, तर एका मुलीनं विचारलं, पण घरचंच जेवण कशाला? त्यापेक्षा विकत घेतलेलं बरं नाही का? "काका, मी उभी राहिले आणि पाच मिनिटं नुसती डबा म्हणजे काय ते सांगत होते," ती म्हणाली. "आणि बोलता बोलता मला रडूच आलं. सगळ्यांना वाटलं, मी डबेवाल्यांच्या घरची आहे." शनिवार-रविवार ती एका दुकानात फळ्यांवर माल लावायची, शिकताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. तिथला मुकादम हातात घड्याळ घेऊन उभा असायचा. "टेलर अजून जिवंत आहेत, काका!"

२०२३मध्ये ती एम.एस्सी. होऊन परत आली. आता भिवंडीला एका मोठ्या गोदामात माल कुठला कधी निघायचा ते ठरवते. पगार बरा आहे. पण भिवंडीतलं राहणं, खाणं आणि महिना चोवीस हजारांच्या घरातला बँकेचा हप्ता ह्यांची बेरीज केली की तो बरा वाटेनासा होतो. कधी महिनाअखेरीला हप्ता अडकतो आणि ते खातं माझ्या पडद्यावर लाल होतं. मी कुणालाही फोन करत नाही. दोन दिवसांत कंडक्टर येतातच. ड्यूटी संपवून, खाकीतच. खिशातून नोटा काढतात. विसाच्या, पन्नासाच्या, नीट घड्या घातलेल्या, आणि कधी कधी चिल्लरसुद्धा. हजार, दीड हजार, जमेल तेवढे.

"सुट्टे हायत, चालतील ना?"

"कंडक्टरांकडून सुट्टे घ्यायची संधी कोण सोडेल, भाऊ!"

हा विनोद मी दर महिन्याला करतो. ते दर महिन्याला हसतात. परवा मी नोटा मोजत होतो, तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "साहेब, तुमची ती ऑफिसराची परीक्षा होती, तिचा काय झाला?"

परसातल्या कलमांना ह्या वर्षी पहिल्यांदाच मोहोर आलाय. तात्या रोज सकाळी काठी टेकत जाऊन मोजून येतात आणि रोज निराळा आकडा सांगतात. फॉर्म ह्याही वर्षी आलाय, ड्रॉवरमध्ये आहे. पाठीमागची बाजू अजून कोरी आहे.

"सर्व्हर डाउन आहे," मी म्हटलं, आणि पावतीवर शिक्का मारला.